खांद्यावरची बोटं

अग्रहार, म्हैसूर
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. मोठ्यांना ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं हे तूच शिकवलंस, पण तो शब्द लिहिला की तू मला देवळाच्या पायरीवर डोळे मिटून बसलेली दिसतेस, आणि तू काही तशी नाहीस. म्हणून ‘प्रिय’. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की इथल्या अख्ख्या गल्लीला माझ्या बातम्या कळतात. त्यापेक्षा पत्र बरं. लिपी शाळेतल्या हिंदीच्या तासाची आहे आणि अडलेले शब्द अप्पांना विचारलेत. लाल पेन काढू नकोस, तू आता निवृत्त शिक्षिका आहेस.

एम.एफ.ए.चं दुसरं वर्ष सुरू झालं. दसरा जवळ आला की अख्खं म्हैसूर हत्तींचे फोटो काढतं, आणि आमच्या वर्गात मात्र फोटो काढण्याआधी महिनाभर ‘फोटो का काढायचा’ यावर चर्चा चालते. पहिल्या वर्षी मला याचा भारी राग यायचा. आता येत नाही. विद्याश्री मॅडम आम्हांला सिद्धान्त शिकवतात. त्यांचा एकच प्रश्न असतो: चौकटीच्या बाहेर कोण राहिलं? फोटो काढणारा काय दाखवतो यापेक्षा काय कापतो ते बघा, म्हणतात.

तर मी आईच्या फोटोवर निबंध लिहिला. आपल्या हॉलमधला, चंदनाच्या हाराचा. आईचा चेहरा दिसेल असा माझ्याकडे तेवढाच एक फोटो, आणि तिच्याबरोबरचा माझा तर एकही नाही. ती त्यात खाली बघते. लहानपणी मी खुर्चीवर चढून तिच्या नजरेसमोर यायचा प्रयत्न करायचे, पण कुठूनही बघितलं तरी ती माझ्याकडे बघायची नाही. आणि तिच्या डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं आहेत, आठवतात? मी लिहिलं की तो अप्पांचा हात आहे. नवऱ्याचा हात, बायकोची झुकलेली मान, घरातली सत्ता वगैरे. मॅडमनी वर्गात वाचून दाखवला.

हे सगळं तुझ्यामुळे, आत्या. शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा स्वतःला काही घ्यायचं सोडून माझ्या हातात कॅमेरा ठेवलास आणि म्हणालीस, “सुम्ने, नुसता कपाटात ठेवू नकोस, वापर.” त्याचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत. आज मानते.

आता मागणं. शेवटच्या वर्षाचं काम मला तुझ्यावर करायचं आहे. दिवाळीला सरगूरला येऊ का, कॅमेरा घेऊन?

तुझी,
रक्षिता


सरगूर
२ सप्टेंबर २०२५

चि. रक्षिता,

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, “अम्मा, मराठी पत्र, किती वर्षांनी!” मी त्याला चहा पाजला आणि तुझं पत्र दोनदा वाचलं. चुका आहेत. सांगणार नाही.

निबंधाचं वाचून इतकी हसले की चष्मा पडला. अगं शहाणे, तो हात माझा आहे! गुरू आणि चारचौघांत बायकोच्या खांद्यावर हात ठेवणार? तुझा बाप लग्नानंतर वर्षभर सुमाशी माझ्यामार्फत बोलायचा. “अक्का, तिला विचार, भातावर घ्यायला हुळी उरलीय का?” आणि ती शेजारीच बसलेली असायची. त्याच्या हातून सत्ता गाजवून घ्यायची तर आधी त्याला ती उसनी आणून द्यावी लागेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. मला विचारायचं होतंस की.

फोटो कधीचा, कुठला, ते सावकाश सांगेन. ते पत्रात सांगायचं नाही.

दिवाळीला जरूर ये. माझे फोटो काढ, मला काय, मी तर घरातच असते. अवरेकाळूच्या शेंगा तोवर यायला लागणार नाहीत, तरी येताना मोठी भूक घेऊन ये. आणि आभार कसले मानतेस? तुला कॅमेरा दिला म्हणून तू मला पत्र लिहिलंस. मीच फायद्यात आहे.

आशीर्वाद.
गौराआत्या


म्हैसूर
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझ्याकडचे चार दिवस अजून अंगावरून उतरले नाहीत. चकल्या तर बसमध्येच संपल्या.

निबंधाचं मी मॅडमना खरं सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, “छान. आता खरा निबंध सुरू झाला. बोटं कुणाची ते कळलं, पण ती तिथे का राहिली?” प्रश्न मी वहीत उतरवून घेतला.

फोटो फार सुंदर आलेत, आत्या. मी माझ्याच कामाला सुंदर म्हणतेय, पण ते तुझं काम जास्त आहे. भिंग धरून पेपर वाचताना कुजबुजणारी तू. निऱ्या करताना दातांत पदर धरलेली तू. दारात उभी राहून, ऐकू येत नसताना, शेजारणीला “हौदा, हौदा”, हो का, हो का, म्हणणारी तू. आजवर मी फोटो काढायचे ते चांगले दिसावेत म्हणून. या वेळी पहिल्यांदा मी बराच वेळ कॅमेरा खाली ठेवून नुसती बसले होते, आणि फोटो त्यानंतर आले. दोन वर्षांच्या शिक्षणाचा अर्थ मला सरगूरच्या ओट्यावर कळला म्हण.

आणि आता बातमी. एप्रिलमध्ये आमचं शेवटचं प्रदर्शन आहे, त्यावरच पदवी ठरते. हॉलची समोरची मोठी भिंत मला मिळाली! पदर दातांत धरलेला तुझा फोटो मी तिथे लावणार आहे, माणसाएवढा उंच. दारातून आत येणाऱ्याला आधी तूच दिसशील. आपल्या घरातली बाई इतकी मोठी कुणी कधी पाहिली नसेल.

तुझी,
रक्षिता


सरगूर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. रक्षिता,

फोटो भिंतीवर नको. आपल्यात नसतं ते.

बाकी सगळं ठीक. थंडी पडली आहे. गुरूला म्हणावं, कानटोपी घाल.

आत्या


म्हैसूर
७ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं दोन ओळींचं पत्र घेऊन मी आठवडाभर फिरतेय. रागावली आहेस का? अप्पांना विचारलं तर ते कानटोपी शोधायला आत गेले ते बाहेरच आले नाहीत.

मी खूप विचार केला. चूक माझीच आहे. तू मला घरात येऊ दिलंस, फोटो काढू दिलेस, पण मोठ्या भिंतीवर, अनोळखी लोकांपुढे लावायचं तुला विचारलं नव्हतं. मी विचारलं नाही, कळवलं. वर्गात आम्ही हेच शिकतो, की कॅमेरा ज्याच्या हातात, जोर त्याचा. वाचताना वाटतं हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे.

आणि मला वाटतं, कारण मला कळलं आहे. मामा, तुझे यजमान, गेल्यापासून तू कुंकू लावत नाहीस. मोकळं कपाळ, पांढरे केस असे सगळ्यांपुढे नकोत, असं ना? तसं असेल तर आत्या, मला त्याचं वाईट वाटतं. बाईने स्वतःचा चेहरा लपवावा असं तिला कुणी शिकवलं, यावरच तर आम्ही वर्षभर बोलतोय. तरी तू म्हणशील तसं. दुसरा फोटो लावते. पाठमोरा आहे एक. तोही नको असेल तर मी काहीतरी वेगळं काम करेन, वेळ थोडा आहे पण करेन. रडून घेतलं आहे, त्यामुळे माझी काळजी करू नकोस.

फक्त रागावू नकोस. तू दिलेला कॅमेरा घेऊन तुलाच दुखवलं तर मग हे शिक्षण कशाला?

तुझी,
रक्षिता


सरगूर
३ जानेवारी २०२६

चि. रक्षिता,

आधी नाक पूस. मग वाच.

मी लपवते? बत्तीस वर्षं पोरांपुढे फळ्याजवळ उभी राहिले आहे मी. तुझे मामा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात याच मोकळ्या कपाळाने वर्गावर गेले, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने “मिस, तुम्ही आज छान दिसता” म्हटलं तेव्हा तिला पेपरमिंट दिलं. माझ्या पांढऱ्या केसांचा तुला हवा तेवढा मोठा फोटो कर, चामुंडी टेकडीएवढा कर. मला लोकांचं भय नाही गं. भिंतीचं आहे.

तुझ्या घरातली भिंत आठव. सरगूरची आठव. आजोबा, आजी, तुझे मामा, सुमा. जिवंत माणूस आहे का त्यांत एकतरी? आपल्या घरात भिंतीवर गेलेली माणसं असतात. जाऊन मग लागायचं, लागून मग जायचं नाही. लहान मुलाचा फोटो चुकून खिळ्याला टांगला तर माझी आई तडक उतरवायची आणि मुलाची दृष्ट काढायची. अंधश्रद्धा म्हण. मी शाळेत विज्ञान शिकवलंय, मलाही कळतं. पण तुझं पत्र वाचलं, ‘माणसाएवढा उंच’, आणि मला हाराचा वास आला. म्हणून दोन ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं. कारण खरं सांगायचं तर सुमाचं सांगावं लागणार होतं, आणि ते गुरूसमोर मी इतकी वर्षं काढलेलं नाही.

सुमा तापाने गेली तेव्हा तू दहा महिन्यांची होतीस. भिंतीसाठी फोटो हवा. लग्नाच्या फोटोंत बाशिंगाने चेहरा झाकलेला. मग राहिला एकच, तुझ्या बारशाला घरी फोटोवाला बोलावला होता तेव्हाचा. त्यात आम्ही तिघी होतो. सुमा पाटावर, मी मागे उभी तिच्या खांद्यावर हात ठेवून, आणि तिच्या मांडीवर तू.

तो घेऊन मी स्टुडिओत गेले, कारण गुरू जागचा हलत नव्हता. स्टुडिओवाल्याला म्हटलं, नुसता हिचा चेहरा मोठा करून द्या. वरून मला कापा, खालून बाळाला कापा. तो म्हणाला, “अक्का, मगू इरली, बाळ राहू दे ना, किती गोड आहे.” मी त्याच्यावर केवढी ओरडले! म्हटलं, त्या बाळाचा केससुद्धा त्या चौकटीत दिसता कामा नये. त्याने तुला पूर्ण काढलं. मला काढताना सुमाचा खांदा जायला लागला, म्हणून माझी बोटं राहिली. मी म्हटलं, राहू देत. तेवढी माझी जबाबदारी.

तुझ्या मॅडम विचारतात, काय कापलं? त्यांना सांग, जे जगायला हवं होतं ते कापलं.

आणि सुमा खाली बघत नाही, रक्षी. मान झुकवलेली बाई वगैरे काही नाही. ती तुझ्याकडे बघतेय. तू जांभई देत होतीस.

मूळ फोटो पेटीत होता. गुरूने तेव्हा म्हटलं होतं, अक्का, माझ्यासमोर आणू नकोस. म्हणून मी सरगूरला आणला, आणि मग तू मोठी झालीस, कधी विचारलं नाहीस, मीही काढला नाही. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर पेटी उघडली नसती. शिक्षण वाया गेलं म्हणू नकोस पुन्हा.

फोटो स्पीड पोस्टाने वेगळा पाठवते आहे. टांगायचा नाही. मांडीवर ठेवून बघ. आपण रंगाऱ्यांची माणसं, माझे आजोबा छापील कापड कधी दोरीवर टांगून विकत नसत. गिऱ्हाइकाला गादीवर बसवायचे, हात धुवायला लावायचे आणि घडी त्याच्या मांडीवर उलगडायचे. म्हणायचे, टांगलेलं कापड लांबून जाणारा बघतो, मांडीवरचं कापड घेणारा बघतो.

आशीर्वाद.
गौराआत्या


म्हैसूर
१४ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

फोटो आला. आज संक्रांत, तुला तिळगूळ पाठवते आहे.

मी तुझं ऐकलं. जमिनीवर बसले आणि मांडीवर ठेवून बघितला. किती छोटा आहे, तळहाताएवढा! आणि त्यात मी खरंच जांभई देतेय. आणि ती माझ्याकडे बघतेय. मी खुर्चीवर चढून चढून तिच्या नजरेत यायला बघायचे, आणि मी पहिल्यापासून तिथेच होते. आत्या, मला आई आठवत नाही, कधी आठवणारही नाही. पण कुणीतरी माझ्याकडे असं बघितलं होतं, हे आता मला माहीत आहे. तू हे जपून ठेवलंस. तुझे उपकार मी कशाने फेडू? फेडायचेच नाहीत मला. राहू देत अंगावर.

अप्पा बेळगोळच्या कारखान्यातून आले तेव्हा मी तशीच बसले होते. लपवावा असं वाटलं, पण लपवला नाही. ते चपलाही न काढता माझ्याजवळ खाली बसले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “नोडु, बघ, तुझं नाक तेव्हापासून असंच आहे.” मग म्हणाले, “ती गात होती तेव्हा. फोटोवाला गप्प राहा म्हणत होता आणि ती गातच होती.” आम्ही दोघं जेवायला उशिरा उठलो. इतकी वर्षं त्यांनी आईबद्दल एका वेळी एवढं कधीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री कानटोपीही घातली.

आता प्रदर्शन. मॅडमना मी मोठी भिंत परत दिली, वर्गातल्या पूजिताच्या कामाला ती हवीच होती. मला हॉलच्या मधली जमीन हवी आहे. तिथे गादी घालीन, पांढरी चादर, बाजूला पाण्याचं भांडं आणि टॉवेल. फोटो कापडावर करते आहे. कापडाला एक रसायन लावायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात खळबळून धुवायचं, की निळा फोटो उमटतो. कॉलेजच्या गच्चीवर निळ्या हातांनी कापडं वाळत घालताना मला वाटलं, पणजोबांनी वरून बघितलं तर म्हणतील, पोरीला अखेर धंदा कळला. वाळवायला टांगते हं, तेवढं चालेल ना?

प्रत्येक फोटो घडी करून ठेवणार. बघणाऱ्याने बसायचं, हात धुवायचे, आणि घडी त्याच्या मांडीवर उलगडायची. मॅडम म्हणाल्या, बघण्याची पद्धत हाच तुझा प्रबंध आहे, हे लिहून काढ. लिहिते आहे. फक्त एक अडचण आहे. घडी उलगडणारं माणूस लागेल. मला ते तुझ्यासारखं येत नाही.

येशील?

तुझी,
रक्षिता


सरगूर
२६ एप्रिल २०२६

चि. रक्षिता,

घरी सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने माझ्या बोटांचा निळा रंग बघून विचारलं, निवडणूक कुठे होती? मी तिला उतरेपर्यंत तुझ्या प्रदर्शनाबद्दल सांगितलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मान डोलवत होती.

तुला पहिल्या वर्गाची पदवी मिळणार हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ते बेंगळूरूचे परीक्षक उभ्या उभ्या बघून जाणार होते. मी म्हटलं, “सार, कै तोळ्कोंडु बन्नि.” बिचारे मुकाट्याने हात धुऊन आले. बसताना गुडघे किती कुरकुरले त्यांचे! पण मी पदराचा फोटो त्यांच्या मांडीवर उलगडला आणि ते कापडाची कड बोटांत धरून बसूनच राहिले. म्हणाले, माझी आई असाच पदर धरायची. मग तीन-चार घड्या बघून झाल्या तरी उठेनात. मला वाटलं, गुडघे अडकले. तसं नव्हतं.

तिथे एवढी माणसं आली, त्यांतल्या प्रत्येकाच्या मांडीवर मी जिवंत होते, रक्षी. बोलत होते, ओरडत होते, चहा मागत होते. नवरा गेल्यावर, नोकरी संपल्यावर, कान गेल्यावर, हळूहळू माणूस स्वतःलाच कमी दिसायला लागतं. तू मला पुरती दाखवलीस. आभार तू मानत असतेस, आज माझे घे.

तुझ्या मॅडम निघताना माझ्या कानाशी ओरडून म्हणाल्या, “तुमच्यामुळे आम्ही शिकलो.” मी म्हटलं, तुमच्या प्रश्नामुळे आमच्या घरातली पेटी उघडली, हिशेब बरोबर झाला. छान बाई आहेत. जरा जेवायला सांग त्यांना.

आणि एक काम. पूजिताने आपल्या दोघींचा फोटो काढला, मी गादीवर बसून हसते आहे आणि तू मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आहेस, तो मला पाठवला. तो मी पेटीत ठेवला आहे, सुमाचा जिथे होता तिथे. मी मजेत आहे, घाई काही नाही, अजून पुष्कळ लोणची घालायची आहेत. पण कधीतरी भिंत यायचीच, तेव्हा तोच फोटो लाव. तू शिकलेली आहेस, स्टुडिओवाल्याशी भांडावं लागणार नाही, तूच कर. स्वतःला त्यातून नीट काप. केस, चेहरा, साडी, काही राहू देऊ नकोस, तुला खूप जगायचं आहे.

फक्त खांद्याजवळ आलीस की माझा खांदा कापू नकोस. बोटं राहिली तर राहू देत.

आशीर्वाद.
गौराआत्या